शिवणाऱ्या बाईने सोडवलेलं कोडं

आमच्या नांदगावचं समुद्राशी काय नातं असणार? रेल्वेने मनमाड, नाशिक, इगतपुरी मागं टाकत थेट मुंबईला जावं, तेव्हा कुठं खारं वारं अंगाला लागतं. इथं बाजारात मासे येतात ते गिरणा धरणातले. उन्हाळ्यात टँकरचा आवाज आला तरी गल्लीत धावपळ उडते. अशा गावात बसून मी ऑक्टोपसच्या भाऊबंदांची गोष्ट सांगणार म्हटल्यावर तुम्ही हसाल. पण मैत्रिणींनो, ही गोष्ट जेवढी समुद्राची आहे, तेवढीच सुई-दोऱ्याची आहे. म्हणून तर धीर करतेय.

सुरुवात झाली आमच्या शिवणक्लासमध्ये. बचत गटाच्या बायकांनी मिळून आम्ही हा क्लास चालवतो. चार मशीन, एक कटिंगचं टेबल आणि पंधरा-सोळा मुली. त्यातली एक दुपारी येताना काष्ठौषधींच्या दुकानातून एक पुडी घेऊन आली. शेजारच्या लव्हबर्डसाठी मागवलेलं समुद्रफेन होतं त्यात. पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं. पाखरं त्यावर चोच घासतात, त्यातून त्यांना कॅल्शियम मिळतं. आमची आजीही समुद्रफेन ओळखायची, तिच्या औषधांच्या बटव्यात त्याचा एक तुकडा असायचाच.

मुलीने विचारलं, हे नेमकं काय असतं? मी अगदी ठामपणे सांगून मोकळी झाले की, समुद्राचा फेस वाळून घट्ट झाला की त्याचं हे होतं. नावच तसं आहे ना! पण पोरीचं समाधान होईना. तिने नखाने त्याची कड खरवडली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली की, याला तर साडीच्या घडीसारखे थरावर थर आहेत. फेसाला अशा घड्या कशा पडतील?

मला उत्तर देता आलं नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. विज्ञानाचं पुस्तक दहावीनंतर मिटलं, ते मिटलंच. पण प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर चष्मा लावून वाचायला बसले, तेव्हा कळलं की समुद्रफेन म्हणजे फेस नव्हेच. कोकणात ज्याला माकूल म्हणतात, त्या प्राण्याच्या पाठीतलं ते कवच. त्या थरांमधल्या बारीक पोकळ्यांत हवा आणि पाणी कमी-जास्त करून माकूल पाण्यात हवं तसं वर-खाली तरंगतं. पोरीने पाहिलेल्या घड्या खऱ्या होत्या. चुकले होते मी.

मग काय, वाचनाचा नादच लागला. माकूल, ऑक्टोपस, स्क्विड हे सगळे एकाच घराण्यातले. मराठीत या घराण्याला शीर्षपाद म्हणतात, कारण यांचे हातपाय थेट डोक्यालाच फुटलेले असतात. खरं तर ही गोगलगायीची आणि शिंपल्यांची चुलत भावंडं. पण किती वेगळी! ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. रक्त निळसर, कारण आपल्या रक्तात लोह असतं तिथं त्यांच्या रक्तात तांबं असतं. मज्जापेशींपैकी निम्म्याहून जास्त तर हातांमध्येच असतात, म्हणजे हातच बराचसा विचार करतो म्हणा ना! २०१० च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये सामन्यांचे निकाल सांगणारा पॉल नावाचा ऑक्टोपस तुम्हाला आठवत असेल. त्याची भविष्यवाणी हा गंमतीचा भाग, पण हा प्राणी हुशार आहे हे मात्र खरं. आयुष्य फार थोडं, बहुतेकांचं एक-दोन वर्षांचं. ऑक्टोपसची मादी अंडी राखत बसते, त्या काळात खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडली की जीव सोडते. हे वाचताना मी पुस्तक जरा वेळ बाजूलाच ठेवलं.

आणखी एक सांगू? तुळशीच्या लग्नात आपण जो शाळीग्राम ठेवतो, त्यावरचं चक्र म्हणजे अॅमोनाइट नावाच्या प्राण्याच्या कवचाचा दगडातला ठसा. तोही याच घराण्यातला. डायनोसॉर संपले तेव्हाच, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, अॅमोनाइटही संपले. जिथं एकेकाळी समुद्र होता तिथं हिमालय उभा राहिला आणि गंडकी नदीतून ते दगड आपल्या देवघरापर्यंत आले. हे कळल्यावर माझी श्रद्धा कमी झाली नाही. उलट ते काळं चक्र आता मी जास्त वेळ न्याहाळते. समुद्र नसलेल्या गावात, समुद्राच्या दोन वस्तू माझ्या घरातच होत्या!

हे सगळं वाचतानाच मला ती भेटली. जान विलप्रू-पॉवर. फ्रान्समधली एक शिवणकाम करणारी बाई. नाव मी आधी कधी ऐकलंही नव्हतं. पण तिची हकिकत वाचली आणि वाटलं, ही तर आपल्या क्लासमधलीच कुणीतरी आहे.

जानचा जन्म १७९४ सालचा, जुयाक नावाच्या खेड्यातला. वडील चांभारकाम करायचे, आई शिवणकाम करायची. जान थोरली मुलगी. लिहिण्या-वाचण्यापुरतं शिक्षण झालं. अकरा वर्षांची असताना आई गेली. अठराव्या वर्षी तिने पॅरिसला जाऊन शिवणकाम करून पोट भरायचं ठरवलं. पॅरिस चारशे किलोमीटरहून लांब, आणि ती निघाली पायी!

एकटी मुलगी कशी जाणार, म्हणून नात्यातल्या एका माणसाच्या भरवशावर तिला पाठवलं होतं. त्या माणसानेच वाटेत तिच्यावर हात टाकला. तिची ओळखीची कागदपत्रंही घेतली. त्या काळात कागदांशिवाय प्रवास करता येत नसे. जानने ऑर्लियान्स शहरात पोलिसांकडे आसरा घेतला आणि नवे कागद मिळेपर्यंत तिथं थांबून राहिली. सामाजिक कामात मी असे किती प्रसंग पाहिलेत! अशा वेळी बहुतेक मुलींना घरी परत बोलावलं जातं आणि पुन्हा उंबरठा ओलांडू दिला जात नाही. जान मात्र परत फिरली नाही. कागद हाती आल्यावर ती पॅरिसलाच गेली. उशीर झाल्यामुळे ठरलेलं काम दुसरीला मिळालं होतं. मग दुसऱ्या एका शिवणारणीच्या हाताखाली ती लागली.

चार वर्षांत तिच्या हाताला नाव मिळालं. १८१६ मध्ये फ्रान्सच्या राजघराण्यातल्या ड्यूक ऑफ बेरीचं लग्न सिसिलीच्या राजकन्येशी, कॅरोलिनशी झालं. त्या नवरीचा पोशाख जानच्या हातचा. आपल्याकडे लग्नसराईत एखादा भरजरी ब्लाऊज गाजला की साऱ्या गावाला टेलरचं नाव कळतं, तसंच झालं असणार! पुढे जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ मध्ये सिसिली बेटावर, मेसिना गावी त्यांचं लग्न झालं.

आता तुम्हीच बघा. श्रीमंत व्यापाऱ्याची बायको, घरात नोकरचाकर, पोटासाठी सुई धरायची गरज संपलेली. आरामात बसली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण जान बेटभर हिंडायला लागली. झाडं, फुलपाखरं, शंख-शिंपले, जुने दगड, जे दिसेल ते गोळा करायची, त्याच्या नोंदी ठेवायची. शाळा-कॉलेजचं शिक्षण नव्हतं. जे शिकली ते स्वतः पाहून, वाचून. मेसिनाचे कोळी तिला जाळ्यात आलेले प्राणी आणून द्यायचे. त्यातच एक दिवस तिच्या हाती आला अर्गोनॉट.

अर्गोनॉट म्हणजे ऑक्टोपसचाच एक प्रकार. आपल्या अरबी समुद्रातही सापडतो. याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्याशुभ्र, चुणीदार कवचात बसून तरंगते. तिच्या आठ हातांपैकी दोन हात टोकाला पसरट असतात, पातळ पडद्यासारखे. त्या पडद्यांची शिडं करून ती वाऱ्यावर होडी हाकते, असं थेट ॲरिस्टॉटलच्या काळापासून लोक मानत आले होते.

विद्वानांमध्ये एक मोठा वाद होता. हे कवच तिचं स्वतःचं की चोरलेलं? शंखात राहणारा खेकडा दुसऱ्याचा रिकामा शंख बळकावतो, तसंच अर्गोनॉटही करत असणार, असं पुष्कळांचं म्हणणं. त्याला कारणही होतं. गोगलगाय तिच्या शंखाला चिकटलेली असते, तशी अर्गोनॉट कवचाला चिकटलेली नसते. सुटून बाहेर येऊ शकते. आणि वाद घालणाऱ्या बहुतेकांनी हा प्राणी पाहिला होता तो दारूच्या बरणीत, मेलेला.

जानने ठरवलं, जिवंत पाहायचा. पण समुद्रातला प्राणी घरात जिवंत ठेवायचा कसा? तिने काचेची टाकी बनवून घेतली, समुद्राच्या पाण्याने भरली. साल १८३२. आपल्या सावित्रीबाई तेव्हा वर्षाच्या होत्या, एवढा जुना काळ. आज आपण हॉटेलात, दवाखान्यात रंगीत माशांची जी टाकी पाहतो, तिची सुरुवात सांगताना जानचं नाव घ्यावं लागतं. मी लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभी राहिले होते, तेव्हा कुठं माहीत होतं की या काचेमागं एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं डोकं आहे!

एवढ्यावर ती थांबली नाही. तिने तीन प्रकारच्या सोयी केल्या. एक घरात ठेवायची काचेची टाकी. दुसरी, बाहेरून पिंजरा लावलेली काचेची टाकी, समुद्राच्या पाण्यात उतरवायची. तिसरा, मोठ्या प्राण्यांसाठी भलाथोरला पिंजरा, नांगर टाकून समुद्रात ठेवायचा. प्राण्याला त्याच्याच पाण्यात राहू द्यायचं आणि रोज जाऊन पाहायचं, ही तिची पद्धत. त्या पिंजऱ्यांना पुढे तिच्याच आडनावाने ओळखलं जाऊ लागलं.

मग सुरू झालं पाहणं. दिवसामागून दिवस, महिन्यामागून महिने. तिने पाहिलं की अर्गोनॉटची पिल्लं अंड्यातून निघतात ती बिनकवचाची, आणि कवच नंतर, त्यांच्या अंगावरच तयार होत जातं. म्हणजे कुणाचं चोरायचा प्रश्नच नाही. तरी विद्वानांना पटेल असा पुरावा हवा होता. तेव्हा तिने काय केलं? जिवंत अर्गोनॉटच्या कवचाला मुद्दाम छिद्रं पाडली, तुकडे मोडले आणि वाट पाहत बसली.

अर्गोनॉटने ते दोन पडदेवाले हात कवचावरून फिरवले. त्यातून पाझरलेल्या रसाचा पातळ पापुद्रा भोकावर बसला आणि हळूहळू घट्ट झाला. थोडक्यात, बाईसाहेबांनी आपल्या कवचाला रफू केलं! ती शिडं नव्हतीच मुळी. तेच कवच घडवणारे आणि सांधणारे हात होते. हजारो वर्षांचं कोडं सुटलं.

हे वाचताना मला राहून राहून वाटलं, ही युक्ती तिलाच का सुचली असेल? शिवणारी बाई कापड पाहते तेव्हा आधी काय बघते? शिवण कुठं घातली, ठिगळ कसं बसलं, मूळ कापड कुठलं नि जोडलेलं कुठलं. फाटलेलं कपडं ज्या हाताने शिवलंय तोच हात पुन्हा सांधतोय की दुसरा, हे आमच्या क्लासमधली पोरगीसुद्धा टाक्यावरून सांगते. जानच्या मनात तसं काही होतं की नाही, ते तीच जाणे. माझी मात्र खात्री पटली आहे.

आणि हो, एक गंमत राहिलीच. जानच्या टाक्यांमध्ये असायच्या त्या सगळ्या माद्या. कवच मादीलाच असतं. मग नर कुठं होता? तो इतका बारका, की कुणाच्या लक्षातच आला नव्हता. मादीपुढे जेमतेम बोटाच्या पेराएवढा. मीलनाच्या वेळी त्याचा एक खास हात तुटून मादीजवळच राहतो. क्यूव्हिएसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये तो हात पाहिला आणि त्याला मादीच्या अंगावरचा किडा समजून चक्क वेगळं नाव दिलं. पूर्ण नराचं नीट वर्णन व्हायला १८५३ साल उजाडलं. मोठ्यांच्याही चुका होतात बरं का! समुद्राचा फेस वाळतो म्हणणाऱ्या मला तेवढंच बरं वाटलं.

जानने ऑक्टोपसचीही एक हुशारी टिपून ठेवली. पिना नावाचं एक मोठं शिंपलं असतं. ऑक्टोपसला त्यातला जीव खायचा असतो, पण शिंपलं चाहूल लागताच झटकन मिटतं. जानने पाहिलं की ऑक्टोपस हातात दगड धरून बसून राहतो, आणि शिंपलं उघडल्याबरोबर फटीत दगड सरकवतो. मग ते मिटणार कसं? दाराला खुंटी लावण्याचाच प्रकार! प्राणी वस्तूंचा हत्यारासारखा वापर करतात, याची चर्चा आज जगभर होते. तिने हे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

१८३९ मध्ये तिच्या निरीक्षणांचं पुस्तक निघालं. १८४२ मध्ये सिसिलीची माहिती देणारं दुसरं. कातानिया शहरातल्या अकादमीने तिला सभासद करून घेतलं. तिथली ती पहिली स्त्री. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेसह इतरही अनेक संस्थांनी तिला जोडून घेतलं. रिचर्ड ओवेन या नामांकित इंग्रज शास्त्रज्ञाने तिचं काम लंडनच्या विद्वानांपुढं मांडलं आणि तिच्या बाजूने उभा राहिला.

इथवर सगळं छान. पुढचं वाचताना माझा जीव खालीवर झाला. पॉवर दांपत्याने १८४३ मध्ये सिसिली सोडली. तिचे नमुने, नोंदी, चित्रं अशा सामानाच्या पेट्या जहाजाने रवाना केल्या होत्या. ते जहाज बुडालं. वर्षानुवर्षांचं काम समुद्राच्या तळाशी गेलं. ज्या समुद्रातून तिने ते एकेक करून वर काढलं होतं, त्यानेच ते परत घेतलं. त्यानंतर तिने लिखाण केलं, पण नवं संशोधन पुन्हा केलं नाही.

१८५० नंतर इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या ठेवायची टूम निघाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. नावं झाली ती दुसऱ्यांची. हे आपण आधी केलं होतं, हे जानला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. पुढे १८७० च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला, तेव्हा म्हातारी जान तिथून निघून आपल्या जुयाक गावी परतली. ज्या वाटेने अठराव्या वर्षी पायी निघाली होती, त्याच वाटेच्या टोकाला जानेवारी १८७१ मध्ये तिने डोळे मिटले. नंतर शंभरहून अधिक वर्षं जग तिला विसरून गेलं.

मैत्रिणींनो, हे वाचून मला माझीच एक गोष्ट आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी दुष्काळाच्या दिवसांत मी वाडी-वस्तीवर फिरून कुठल्या विहिरीला किती पाणी, बाया किती लांबून आणतात, याच्या नोंदी केल्या होत्या. तीन महिने चपला झिजवल्या. त्या वह्या मी विश्वासाने एकांकडे दिल्या. पुढे त्यावरून अहवाल निघाला, त्यावर नाव दुसऱ्याचंच. मी म्हटलं, जाऊ दे, काम झालं ना! पण खरं सांगते, आतून लागलं होतं. आणि सगळ्यात मोठी चूक माझीच होती. वह्यांची एक प्रतही मी स्वतःजवळ ठेवली नव्हती. कुठल्याच पानावर नाव नाही, तारीख नाही. आपण पाहिलेलं, मोजलेलं हे ज्ञान असतं, असं मलाच तेव्हा वाटत नव्हतं.

जानने मात्र ते वेळीच ओळखलं होतं. पेट्या बुडाल्या, तरी तिचं काम सगळं बुडालं नाही, कारण तिने ते स्वतःच्या नावाने छापून ठेवलं होतं. त्या पानांवरूनच तर पुढे अभ्यासकांना ती पुन्हा सापडली. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका मोठ्या विवराला तिचं नाव दिलं गेलं. शुक्रावरच्या मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात. आणि ऐका, त्याच शुक्रावर आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचंही विवर आहे! जान गेली तेव्हा आनंदीबाई अवघ्या पाच वर्षांच्या होत्या. एकमेकींना न पाहिलेल्या या दोघींची नावं एकाच ग्रहावर आहेत. हे कळल्यापासून शुक्राची चांदणी दिसली की मी क्षणभर थांबते.

क्लासमध्ये मी मुलींना ही सगळी गोष्ट सांगितली. सगळ्यात आधी त्या समुद्रफेनवाल्या पोरीची माफी मागितली, की बाई, तुझं खरं होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला एकेक शंभर पानी वही दिली. मापं लिहायला नव्हे, ती वेगळी. या वहीत जे डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. वर तारीख, खाली स्वतःचं नाव.

पंधरा दिवस कुणी काही लिहीना. कुणी रांगोळ्या काढल्या, कुणी गाणी उतरवली. मग परवा ती पोरगी वही घेऊन आली. त्यांच्या अंगणातल्या पपईमागच्या झुडपात शिंपी पक्ष्याची जोडी आली होती. पान दुमडून त्याच्या कडेला चोचीने भोकं पाडून त्यातून कापसाचा धागा ओढत होती. कुठल्या दिवशी किती टाके, दोन टाक्यांत अंतर किती, धागा कुठून आणला, सगळं लिहिलेलं. धागा, म्हणे, आपल्याच क्लासच्या दारातल्या चिंध्यांमधून उचललेला.

खाली तारीख होती. नाव घालायला विसरली होती. मी पेन तिच्या हातात दिला.